शालिग्रामचा निळा लेसर

वरवट बकालचा शालिग्राम तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर होता. सव्वीस वर्षं त्यानं पोरांच्या हाती भिंगं, मीटर, तारा दिल्या आणि तास संपला की मोजून कपाटात ठेवल्या. प्रयोग दुसऱ्यांनी करायचे, आवराआवर त्यानं. म्हणूनच की काय, घरच्या पडवीत त्यानं आपली वेगळी प्रयोगशाळा मांडली होती. भंगारातले डीव्हीडी रायटर आणून तो त्यांतले लेसर डायोड काढायचा. ज्वारीच्या दाण्याएवढी वस्तू, पण भारी नाजूक. तिला वीज अगदी नेमकी लागते. पापणी लवायच्या आत जरा जास्त गेली की लेसर मरतो आणि मागे नुसता मिणमिणता दिवा उरतो. असे चाळीसएक डायोड शालिग्रामनं मारले. मग एकदाचं त्याला वीज हळूहळू चढवणारं आणि ठरल्या आकड्यावर अडवून धरणारं सर्किट जमलं. त्या दिवशी तो जेवायचंच विसरला. बायको सुभद्राबाई ताट वाढून बसून राहिली.

त्यातूनच त्यानं रानडुकरांसाठी भोंगा केला. मक्याच्या शेताच्या कडेनं गुडघाभर उंचीवर एक क्षीण लाल किरण सोडायचा. डुक्कर आडवं आलं की किरण तुटतो आणि भोंगा बोंबलतो. अकरा शेतकऱ्यांनी तो लावून घेतला. मका वाचला. शालिग्रामचं नाव मात्र कोणी फारसं घेतलं नाही, आणि ते त्याला आत कुठंतरी लागलं होतं.

मग कॉलेजानं एक बिघडलेला प्रोजेक्टर भंगारात काढला. त्यात निळे डायोड होते, लाल लेसरच्या कितीतरी पट जोरदार. शालिग्रामनं त्यातला एक अॅल्युमिनियमच्या नळीत बसवला, वर भिंग लावलं, आणि मारुतीच्या पारासमोर चाळीस फुटांवरून काळा फुगा फोडून दाखवला. माणसं थक्क झाली. ज्यांनी आजवर त्याला चहा विचारला नव्हता, ते खांद्यावर हात ठेवून बोलू लागले.

तिसऱ्या दिवशी डीजेवाला कुलदीप आला. गणपतीच्या मिरवणुकीसाठी त्याला तो लेसर हवा होता. शालिग्रामनं साफ नाही म्हटलं. हा उजेड डोळ्यात गेला तर माणूस पापणी मिटायच्या आत आंधळा होतो, हे त्यानं नीट समजावूनही सांगितलं. कुलदीप हसून निघून गेला.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ गोपाल आला. गोपाल आणि कुलदीप लहानपणापासूनचे दोस्त.

"दादा, थो निळा लाइट एक दिवस दे ना," तो म्हणाला. "सासरचे पाव्हणे येऊन राह्यले, त्याह्यले दाखवतो."

शालिग्रामनं त्याच्याकडे पाहिलं. सासरचे पाहुणे नेमके विसर्जनालाच कसे येतात, हे त्यानं विचारलं नाही. उलट बॅटरी भरून दिली, बटण दाखवलं.

"कोनाच्या डोयात मारू नको बे," एवढं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मिरवणूक वेशीपाशी आली. डीजेच्या गाडीवर कुलदीपनं तो लेसर बांधला होता आणि पुढं एक फिरता आरसा बसवला होता. निळी रेघ देवळाच्या कळसावरून सरकत पिंपळावर गेली, धुरात पंख्यासारखी पसरली. शालिग्राम गर्दीत उभा होता. गाडी त्याच्यापासून वीस पावलांवर होती. पुढं होऊन वायर उपटायला काहीच लागलं नसतं. पण शेजारी कोणीतरी विचारलं की हे कोणाचं आहे, आणि दुसरा म्हणाला, आपल्या शालिग्रामचं. ते ऐकायला तो थांबला. आणखी एकदा कोणी म्हणतं का, म्हणून थांबला.

गाडीच्या अगदी पुढं पोरी नाचत होत्या. त्यांत गोपालची मुलगी छकुली होती, अकरा वर्षांची. तिनं वर पाहिलं, निळी रेघ तिच्या तोंडावरून सरकली, आणि उजव्या डोळ्यावर हात दाबून ती खाली बसली. ती रडली नाही. घाबरून नुसतीच बसून राहिली.

शेगावच्या डॉक्टरनं अकोल्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जळला आहे. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही, आणि यावर औषध नाही.

तक्रार झाली तेव्हा पोलीस जमादारासमोर कुलदीप म्हणाला की त्याला काय ठाऊक, वस्तू शालिग्रामनं बनवलेली. मग गोपालला विचारलं. गोपालनं भावाकडे पाहिलंच नाही.

"आमच्या दादानंच देला," तो म्हणाला. "असा खतरनाक हाये म्हनून त्यानं सांगतलं नाही."

सांगितलं होतं असं शालिग्रामनं म्हटलं असतं, तर माहीत असून दिलास का, हा पुढचा प्रश्न होता. कुलदीप सरपंचाचा भाचा, त्याची जप्त केलेली गाडी आठवड्यात सुटली. कागदावर शालिग्रामचं एकट्याचं नाव राहिलं, आणि कॉलेजानं त्याला प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं.

गावानं भोंगेही उपटले. त्यातला लाल किरण निरुपद्रवी होता, हे सांगायला शालिग्राम घरोघर गेला. कोणी दारातून आत घेतलं नाही. पुंजाजी नावाच्या म्हाताऱ्यानं तर त्याच्यासमोर भोंग्याचा डबा दगडानं ठेचला. महिन्याभरात डुकरांनी पुंजाजीचा अर्धा मका लोळवला. त्याचाही दोष शालिग्रामवरच आला, की आधी भोंग्याची सवय लावली आणि मग हे.

एकदा जेवताना त्यानं सुभद्राबाईला सगळं सांगितलं. पाहुण्यांचं सांगून गोपाल खोटं बोलतोय हे मला कळलं होतं, म्हणाला.

"मले बी कयलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही बॅटरी भरून राह्यले होते तवाच. पन तुम्ही इतके खुश होते."

पुढच्या विसर्जनाला कुलदीपनं शहरातून सहा मोठे लेसर आणले. गोपाल गाडीपुढं नाचत होता. त्याच्या बायकोनं छकुलीला मिरवणुकीत पाठवलं नाही, सुभद्राबाईकडे आणून बसवलं. शालिग्राम पडवीत होता. छकुली त्याच्यासमोर येऊन बसली, डावा डोळा हातानं झाकला आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"मोठेबाबा, तुमचे कान दिसतात," ती म्हणाली. "तोंड नाही दिसत."

रागानं नव्हे, नुसतं सांगावं तसं तिनं सांगितलं. मग हात काढला आणि आत सुभद्राबाईकडे खायला मागायला गेली.