चुलीशेजारचा कॉम्प्युटर

रामनगरच्या बसस्टँडमागं भाग्यलक्ष्मीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अख्खा तालुका तिला भाग्यक्का म्हणतो, आणि अख्खा तालुका तिच्या तोंडाला भितो. "काही केलं नव्हतं हो, आपोआप बंद पडला," असं कुणी म्हणालं की ती हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवते. "आपोआप व्हय? मग आपोआप चालू बी होईल. न्या घरी." मग गिऱ्हाईक मुकाट खरं काय ते सांगतं. चहा सांडलेला असतो, नाहीतर विजा कडाडत असताना वायर काढायचा आळस नडलेला असतो.

खानापूरहून लग्न होऊन ती इथं आली तेव्हा नवऱ्याचं रेडिओ-घड्याळं दुरुस्त करायचं एक टेबल होतं. नवरा स्वभावानं गरीब, पण रोग कळायच्या आधीच पार्ट बदलून मोकळा व्हायचा. हिला त्याचा भयंकर राग यायचा. "आधी काय बिघडलंय ते कळू दे, मग खोल!" असं ओरडत ओरडत तिनं टेबल कधी ताब्यात घेतलं ते त्यालाही कळलं नाही. आता ती मशिनी उघडते, तो चहा आणतो आणि गिऱ्हाइकांशी भातलावणीच्या गप्पा मारतो. दोघांचं झकास चाललंय.

परवाच्या श्रावणात एका सकाळी तिला अणशीहून प्रियांका वेळीपचा फोन आला. पोर शिकलेली, धीराची, पण रडकुंडीला आली होती. घरचा कॉम्प्युटर आठ दिवस दम खाऊ देत नव्हता. मध्येच पडदा निळा व्हायचा, काल एक कारण सांगायचा, आज दुसरंच. जोयड्याच्या विनोद मेकॅनिकनं येऊन बघितलं आणि व्हायरस आहे म्हणाला. सगळं पुसून नव्यानं भरू या, हा त्याचा सल्ला.

"पुसू दिलंस?"

"न्हाई अक्का. त्यात बाबांची औषधं हायत."

प्रियांकाचे बाबा महाबळेश्वर वेळीप, झाडपाल्याचं औषध देणारे. त्यांच्या घरातली रीत अशी, की औषध पुढच्याला एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा तोंडातून निघालं की पाल्याचा गुण गेला. म्हाताऱ्यानं तीन वर्षं बसून लेकीला एकेक औषध सांगितलं. तिनं ते फोनवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये ठेवलं, एकूण एकशे त्रेचाळीस. तो फोन मागच्या पावसात ओढ्यात पडला. म्हणजे जे काही होतं ते त्या एका डब्यात, आणि म्हातारा पुन्हा सांगणार नव्हता.

"आत्ता पेनड्राइव्हवर घ्यायला लागलेय, निदान तेवढं तरी..."

"थांब!" भाग्यक्का एवढ्यानं ओरडली की नवऱ्याच्या हातातला कप हिंदकळला. "बटण दाब आणि बंद कर. मी येईस्तोवर चालू केलास तर माझ्याशी गाठ हाय!"

बस पकडून ती दुपारच्या आत अणशीला पोचली. घरात शिरली आणि कपाळावर हात मारून घेतला. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर. पण त्या माणसांचं काही खोटं नव्हतं. इकडच्या पावसात भिंतींना बुरशी धरते, म्हणून बियाणं चुलीवर टांगायचं, सुकी मासळी चुलीवर, पोरीची कॉलेजची सर्टिफिकिटंसुद्धा पिशवीत घालून तिथंच. जपायची वस्तू म्हणजे चुलीजवळची वस्तू. सगळ्यांत मोलाचा कॉम्प्युटर मग दुसरीकडं कुठं ठेवतील?

"धूर बियाण्याला मानवतो, मामा. ह्याला न्हाई," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

"ओल धरंल म्हणून ठेवला," महाबळेश्वर ओशाळून म्हणाले.

तिनं कॉम्प्युटर पडवीत आणून उघडला. आत काजळीचा चिकट थर, पंखा तर अस्वलासारखा केसाळ. प्रियांका पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, कॉपी का करू दिली नाही?

"हे बघ. डिस्क म्हणजे तुमची कणगी, धान्य तिथं. रॅम म्हणजे सूप. सूप फाटकं असलं तर कणगीतलं कणगीत राहतं, पण जेवढं सुपात घेशील तेवढं गळणार. रोज नवं कारण सांगणारा कॉम्प्युटर दिसला की मला पहिला संशय सुपाचा येतो. आणि तू फाटक्या सुपानं धान्य हलवायला निघालीस, बाई!"

पहिल्यांदा तिनं डिस्कची वायरच काढली. आता काहीही झालं तरी औषधांना धक्का लागणार नव्हता. मग आपल्या पेनड्राइव्हवरून रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावला. पाच मिनिटांत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी धावायला लागल्या. प्रियांकाचा चेहरा उतरला आणि भाग्यक्काचा उजळला. चोर घरातच होता!

रॅमच्या पट्ट्या दोन. दुसरा कुणी असता तर दोन्ही फेकून नव्या बसवल्या असत्या. हिनं दोन्ही काढल्या, त्यांची सोनेरी टोकं शाळेतल्या खोडरबरानं घासून लख्ख केली, त्या बसवायच्या खाचा ब्रशनं साफ केल्या आणि पुन्हा तपासलं. लाल ओळी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग एकच पट्टी ठेवून तास-दीड तास चालवलं. स्वच्छ! ती काढून त्याच खाचेत दुसरी घातली. लाल. तीच दुसऱ्या खाचेत. पुन्हा लाल.

"खाच चांगली हाय, पट्टीच मेली. चुलीच्या धगीनं भाजून निघाली बिचारी."

म्हातारा सगळा वेळ खांबाला टेकून बघत होता. "तू बी एकेक कारण सोडवत जातेस," तो म्हणाला. "पोट दुखतं म्हणून आलेल्याला मी बी आधी काय खाल्लं तेच विचारतो." भाग्यक्काला ते फार आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

चांगली पट्टी एकटी ठेवून तिनं डिस्क जोडली. कॉम्प्युटर नीट उठला. सोबत आणलेल्या दोन पेनड्राइव्हवर सगळं उतरवलं आणि एकेक फाईल जराशी लावून बघितली. पडवीत म्हाताऱ्याचाच आवाज घुमायला लागला आणि प्रियांका एकदम हसायलाच लागली. एकशे एकेचाळीस धड होत्या. दोन मात्र नव्हत्या. घाईघाईत प्रियांकानं त्या दोन कॉपी न करता 'कट' करून, उचलूनच पेनड्राइव्हवर टाकल्या होत्या. तिथं नुसता खरखराट होता, आणि डिस्कवरच्या त्यांच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. भाग्यक्कानं तासभर सगळे उपाय केले.

"गेल्या त्या," शेवटी ती म्हणाली. "खोटा धीर देणार न्हाई मी तुला."

एक औषध बाळंतिणीच्या तापावरचं, दुसरं लहान पोरांच्या आकडीवरचं. प्रियांकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं बापाकडं बघितलं. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली. भाग्यक्काच्या जिभेवर काय काय आलं होतं, पण तिनं आयुष्यात पहिल्यांदा ते गिळलं. तिलाही वाईट वाटलंच होतं.

मग महाबळेश्वर उठले. भिंतीवरचा कोयता घेतला, डोक्यावर कांबळं टाकलं.

"सांगायचं न्हाई, एवढीच रीत हाय. दाखवू नको असं कुणी म्हणलं न्हाई. चल माझ्या मागनं. विचारायचं काही न्हाई, नुसतं बघायचं."

प्रियांका डोळे पुसत धावली. भाग्यक्काची शेवटची बस सुटायची वेळ झाली होती. तिनं पदर खोचला आणि तीही घरामागच्या डोंगराच्या वाटेला लागली. म्हातारा थबकला.

"तू कुठं?"

"एकाच जागी ठेवलं की काय होतं, ते आज बघितलं न्हाई व्हय, मामा? दोघींना दाखवा."

बाहेरच्या माणसाला त्या घरानं आजवर एक पानही दाखवलं नव्हतं. म्हातारा डोंगराकडं वळला. मग पावसानं झुकलेली झुडपं कोयत्यानं बाजूला करत, दोघींना पुरेल एवढी वाट मोकळी करून पुढं निघाला.