आत्यांची बिस्किटं आणि माझी भीती

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. हट्ट्याहून बिल्किसभाभी बोलत होत्या. आत्यांच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. "मॅडम, तुमच्या आत्या गेल्या. सकाळी अंगण झाडलं, पाणी मागितलं, आन् बसल्या त्या बसल्याच..." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. पाच आठवडे झाले या गोष्टीला. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायची लाज वाटते, पण ते टाळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला रडू आलं नाही, भीती वाटली. आता मैत्रीला घेऊन हट्ट्याला जावं लागेल. दुःखाच्या घरी शेजारपाजारच्या बाया भाकरी-पिठलं घेऊन येणार, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी येणार आणि कुणीतरी मायेनं पोरीच्या तोंडात घास घालणार. मैत्री माझी लेक, आठ वर्षांची. शेंगदाणा तिला विष आहे.

मी मुलीला हिंगोलीतच एका मैत्रिणीकडे ठेवलं आणि अनिलबरोबर, माझ्या नवऱ्याबरोबर, गेले. आजीचं शेवटचं तोंड नातीनं पाहिलं नाही. तो निर्णय माझा होता.

मी मुळातच भित्री. लहानपणी पाल दिसली तरी मी घर सोडायची, आणि आत्या म्हणजे विंचू चिमट्यात धरून बाहेर नेऊन टाकणाऱ्या. लग्न होऊन आले तेव्हा त्या गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. तीस वर्षं त्यांनी गावची लेकरं खाऊ घालून वाढवली. वजनाच्या काट्यावर जे पोरगं हलकं भरेल ते त्यांचं. त्याला कडेवर घ्यायचं, शेंगदाणा-गुळाचा लाडू भरवायचा आणि महिन्याभरानं पुन्हा काट्यावर ठेवून त्याच्या आईकडे विजयी नजरेनं पाहायचं, हा त्यांचा संसार. "बदाम श्रीमंताला. आपल्या लेकराला शेंगदाणा," असं त्या म्हणायच्या, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे, कारण गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्याच लाडवांवर उभी होती.

बिस्किटं त्या कुठल्याशा प्रशिक्षणात शिकल्या. तिथं ओव्हनमध्ये करून दाखवली होती. आत्यांनी घरी येऊन जर्मनच्या जुन्या पातेल्यात चार बोटं वाळू घातली, वर ताटली ठेवली, झाकणावर निखारे रचले आणि पहिल्या खेपेलाच खरपूस बिस्किटं काढली. गव्हाचं पीठ, साखरेऐवजी मध, तुपाऐवजी शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत वाटायचे, आणि शेवटी व्हॅनिलाचे दोन थेंब. मध पुसेगावकडचा एक ओळखीचा माणूस आणून द्यायचा; पोळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या घेत नसत. व्हॅनिलाची बाटली वसमतहून यायची आणि ती देव्हारा नसलेल्या त्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर, अगदी मानाच्या जागी असायची. एकदा नवऱ्याच्या चुलतभावानं पुण्याहून पीनट बटरची बरणी आणली. आत्यांनी बोटावर घेऊन चाखलं आणि हसायला लागल्या. "ह्ये तर आपलंच हाय की. बरणीत कोंडलं आन् पाव्हणं झालं."

मैत्री दीड वर्षांची असताना त्याच बिस्किटाचा पहिला तुकडा आत्यांनी तिला भरवला. नातीला स्वतःच्या हातचं पहिलं बिस्कीट, म्हणून त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. तुकडा गिळून काही मिनिटं झाली असतील... पोरीचे ओठ सुजायला लागले. मग डोळे. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बिल्किसभाभींच्या दिरानं जीप काढली. हट्ट्याहून वसमतचा रस्ता मी त्याआधी शंभरदा केला असेन, पण त्या दिवशी तो संपेचना. मी तिच्या छातीला कान लावून बसले होते, आणि आवाज थांबला की माझाही श्वास थांबत होता. दवाखान्यात सुई दिली, हळूहळू तिचा रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा या मुलीच्या जिवावर उठू शकतो, कणभरसुद्धा द्यायचा नाही. आत्या कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या एवढंच बोलल्या, "शेंगदाण्यानं? शेंगदाण्यानं लेकरू जगतंय, डॉक्टरसाहेब. मरत नसतंय."

डॉक्टरांनी मला सुई टोचायला शिकवली. तेव्हापासून निळ्या पिशवीत औषध आणि सुई, आणि ती पिशवी माझ्या खांद्याला. मराठवाड्यात शेंगदाण्यापासून लेकरू वाचवायचं म्हणजे काय, हे ज्याच्या गळ्यात पडलं त्यालाच कळतं. वांग्याच्या भाजीत कूट, काकडीत कूट, लग्नातल्या वरणाच्या फोडणीतसुद्धा कूट. बसमध्ये शेजारचा माणूस पुडी सोडतो आणि मी पोरीला उचलून दुसऱ्या सीटवर जाते. लोक म्हणतात, मॅडमचं जरा जास्तच आहे. असेल. पण तो शिट्टीसारखा आवाज त्यांनी ऐकलेला नाही.

आत्यांना हे पटलं नाही. दूध न पचणाऱ्या किती लेकरांना त्यांनी चमच्या-चमच्यानं दुधाची सवय लावली होती. त्यांच्या हिशेबी हेही तसंच. मैत्री साडेचार वर्षांची असताना आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत हट्ट्याला राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी मानेवर खाजवत माझ्याजवळ आली. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. काय खाल्लंस विचारलं तर म्हणाली, "आजी मला रोज औषध देते. तिळाएवढं. आईला सांगायचं न्हाई."

तीन दिवस माझ्या डोळ्यांदेखत... आणि मला पत्ता नाही. पुन्हा तोच वसमतचा रस्ता, पुन्हा तोच दवाखाना. या वेळी गांधींवरच निभावलं. डॉक्टर आत्यांवर ओरडले. परत आल्यावर मी अंगणातच उभी राहून, शेजारपाजारच्या कानांची पर्वा न करता, बोलले, "तुम्हाला माझं लेकरू मारायचंय का?"

तीस वर्षं लेकरं जगवलेल्या बाईला मी हे विचारलं. त्या भिंतीचा आधार घेऊन हळूहळू खाली बसल्या. मी बॅग भरली आणि निघाले. त्यानंतर मैत्रीला मी हट्ट्याला नेलं नाही. नवरा एकटाच जायचा. परत आला की म्हणायचा, आईच्या भाजीला पूर्वीची चव नाही, पाणचट लागते. वय झालं, मी म्हणायची.

त्या दिवसानंतर पाच-सहा महिन्यांनी आत्या हिंगोलीला आल्या, न कळवता, सकाळच्या एसटीनं. मांडीवर पितळी डबा. आल्या-आल्या तो माझ्यापुढं ठेवला आणि शाळेत पोरगं धडा म्हणून दाखवतं तसं म्हणाल्या, "ह्याच्यात शेंगदाणा न्हाई. फुटाण्याच्या डाळ्याचं वाटण हाय. मध त्योच, बाटली नवी फोडली. पातेलं नवं, वाळू नवी, मिक्सरचं भांडं बी नवं आणलं. तू बघ." झाकण काढलं तर व्हॅनिलाचा वास घरभर झाला. मैत्री आतून पळत आली. मी तिला दारातच अडवलं.

"दे की एक. माझ्या म्होरं खाऊ दे," आत्या म्हणाल्या.

"आत्ताच जेवलीय ती. नंतर देते."

ती जेवली नव्हती. आत्यांना ते दिसत होतं, कारण तिचं ताट तसंच ओट्यावर होतं. दुपारच्या गाडीपर्यंत त्या थांबल्या. मैत्रीला गोष्ट सांगितली, तिच्या वेण्या घातल्या. डब्याचा विषय पुन्हा काढला नाही. मी त्यांना स्टँडवर सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी डबा शाळेत नेला. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत फडशा पडला. एका बाईंनी कृतीसुद्धा विचारली.

मग दर महिन्याला डबा यायला लागला. कधी हिंगोलीवरून नरसीला दर्शनाला निघालेल्या गावकऱ्यांच्या हाती, कधी नवऱ्याबरोबर. दर महिन्याला मी तो शाळेत नेत होते. रविवारी त्यांचा फोन यायचा.

"खाल्ले का लेकरानं?"

"खाल्ले."

"काही तकलीफ?"

"न्हाई, आत्या."

"आवडले?"

"लई आवडले."

तीन वर्षं मी हे बोलत राहिले. का, ते सांगते. बिस्किटात शेंगदाणा नसेल, यावर माझा विश्वास होता. आत्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. एकदा लपवाछपवी केली ती त्यांच्या दृष्टीनं औषधच होतं. पण ते घर? त्या घरात पाट्या-वरवंट्याच्या खाचेत कूट, फडताळाच्या कोपऱ्यात कूट, त्यांच्या पदराला कूट. शेतात उन्हाळी भुईमूग, अंगणात शेंगांचा ढीग. एक कण पुरेसा होता. डबा उघडला की तो कण मला दिसायचा. नसलेला कणसुद्धा दिसायचा. भीतीला डोळे फार असतात, अक्कल नसते. "आत्या, मला अजून धीर होत नाही," एवढं एक वाक्य मी फोनवर बोलू शकले असते. बोलले नाही, कारण मग त्या 'का' म्हणून विचारतील आणि मला अंगणातलं ते वाक्य पुन्हा आठवावं लागेल. खोटं बोलणं सोपं होतं.

माती झाल्यावर, संध्याकाळच्या सुमारास, मी आत्यांच्या स्वयंपाकघरात गेले. जलदानविधीला, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, मैत्रीला आणावंच लागणार होतं, म्हणून आधीच सगळं पुसून काढावं, शेंगदाणे असतील ते बाहेर काढावेत, असा विचार. पदर खोचून डबे उघडायला लागले. बिल्किसभाभी दारात उभ्या होत्या.

"काय शोधून राहिल्या, मॅडम?"

"शेंगदाणे. पोरीला आणायचंय ना."

भाभी म्हणाल्या, "न्हाई सापडनार. तीन साल झाले, ह्या घरात दाना शिरला न्हाई."

मला कळेना. भाभी उंबऱ्यावर टेकल्या आणि सांगायला लागल्या. मी भांडून गेले त्याच आठवड्यात आत्यांनी घर धुतलं. पाटा-वरवंटा कुणाला तरी देऊन टाकला. फडताळाच्या फळ्या काढून उन्हात घातल्या. शेतात भुईमुगाच्या जागी हळद लावली. स्वतःच्या भाजीत कूट घालणं सोडलं. दारात कुणी शेंगा फोडायला बसलं तर उठवायच्या. "ईदीला शीरखुर्मा दिला तर पहिलं इचारायच्या, भांड्याला दाना लागला का? आमी हसायचो. म्हनायच्या, हसा. माझं लेकरू कवा येईल सांगता येत न्हाई."

"मला का नाही सांगितलं? अनिलला तरी..."

"मी बोलली ना तुमच्या आत्यांला. तर म्हनाल्या, सांगितलं तर सुनेला बळजबरी वाटंल. आई हाय ती. तिला भ्या वाटतंय त्ये बराबर हाय. माझ्यानंच वाटतंय. तिच्या मनानं येऊ दे."

मी तिथंच, त्या स्वच्छ फरशीवर बसले. मग मात्र रडू आलं.

जलदानविधीच्या दिवशी मैत्रीला घेऊन गेले. बाहेर ओट्यावर माणसं होती. मी तिला सरळ आत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. कुठल्याही परक्या घरात शिरलं की माझी लेक दोन्ही हात पाठीमागं बांधते आणि विचारते. तिला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून शिकली असणार. त्या दिवशीही तिनं हात पाठीमागं बांधले.

"आई, इथं मी कशाला हात लावू?"

"सगळ्याला," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं हात सोडले. आधी मिठाची बरणी उघडून पाहिली, मग पिठाचा डबा, मग हळदीचा. एकेक झाकण काढून ती आत वाकून वास घेत होती. फडताळात खाली पितळी डबा होता, पुढच्या रविवारी आमच्याकडे यायचा होता तो. त्यात बिस्किटं होती. या वेळी तिनं विचारलं नाही. एक घेतलं आणि खाल्लं. मग दुसरं.

मी निळी पिशवी मांडीवर घेऊन, सुई हाताशी ठेवून भिंतीला टेकून बसले. भीती गेली नव्हती, आजही गेलेली नाही. बाहेर वंदना सुरू झाली, मला हाका आल्या, तरी मी उठले नाही. तासभर तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. तिला काही झालं नाही. गेल्या तीन वर्षांत कुठल्याही रविवारी आले असते, तरी झालं नसतं.