जिराफाच्या देखत

वसमतला कडब्याची गाडी शेजारून गेली, की त्या कोरड्या वासाने केनियातली सफारी आठवते. दिवसभर जीपमधून उतरायचं नाही, म्हणून आईने एसटीत बसताना करते तसं सकाळपासून पाणी टाळलं होतं. चहा मात्र सुटला नव्हता. दुपारी तिला लघवी आवरेना. "सांग की त्या गाईडला. इंग्लिश शाळेत काहून घातलं होतं तुला?" ती कुजबुजली. अनोळखी पुरुषाला हे सांगताना माझे कान तापले, पण सांगितलं. गाईडने आसपासचं गवत न्याहाळलं, जीपमागे जागा दाखवली आणि पाठ फिरवली. मी ओढणी आडवी धरली. बाभळीवरून मान काढून एक जिराफ संथपणे चघळत होता. "ते बघून राहिलं ना गं!" आई ओढणीआडून म्हणाली. "बघू दे. ते कुणाला सांगणारे?" आता प्रवासात आई पोटभर पाणी पिते, गाडी थांबवायला सांगायचं काम तिने माझ्यावर सोपवून टाकलंय.