रस्त्याखालचा पाइप आणि रस्त्यावरची पालखी

पाइप एकदा जमिनीत गेला की कुणाला दिसत नाही. वर उरतात ते किस्से. आम्ही रत्नागिरीचे जुने पाइपवाले जमलो की चहा गार होतो, किस्से संपत नाहीत. १९३०च्या आगेमागे बंदराच्या रस्त्याखालून नाल्याचा लोखंडी पाइप घातला, त्या एका कामाचेच किती सांगावेत!

रस्ता खणायचा नव्हता, कारण शिमग्याला देवाची पालखी तिथूनच जाते. म्हणून बाजूच्या खड्ड्यातून, माणूस रांगत शिरेल एवढा पाइप जॅकने रेटत न्यायचा. ओव्हरसियर कुलकर्णी मिरजेचे, मुकादम तुकाराम मिरजोळ्याचा. पालखीची वाट मोडणार नाही, असा शब्द तुकारामाने मानकऱ्यांना दिला होता. रस्ता खचला तर त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती.

*

जमीन तपासायला आम्ही पहार ठोकायचो. घणाच्या किती घावांत ती वीतभर जाते, त्यावरून जमीन कळायची. पहिल्या दिवशी पहार हलेचना. कुलकर्णी म्हणाले, सगळा कातळ आहे. तुकारामानेही मान डोलावली. मी चिडून शेवटचा घण घातला. वरचा जांभा फुटला, खाली लोण्यासारखी माती, आणि पहार दिसेनाशी झाली.

ती अजून तिथेच आहे.

*

पाइप रेटायला किती जोर लागेल, हे आधी काढायचं होतं. कुलकर्णींनी पाइपचा तुकडा ओल्या मातीत पुरला, दोर बांधला आणि किती गडी लावल्यावर तो हलतो ते बघून हिशेब मांडला. तेवढ्यात बघायला जमलेले, समुद्रातून रापणीचं भलंमोठं जाळं ओढणारे कोळी हौसेने दोराला लागले. तुकडा मुळ्यासारखा उपटून आला!

तेव्हापासून जॅकवर किती गडी लावायचे हे ठरवताना कुलकर्णी आधी विचारायचे, "आपले की रापणीचे?"

*

पाइप घसरावा म्हणून बाहेरून माशाचं तेल चोपडलं. मुंबईहून तपासणीला आलेले मोठे साहेब खड्ड्यात डोकावले, तर बंदरातली यच्चयावत मांजरं पाइपभोवती. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

कुलकर्णी शांतपणे म्हणाले, "लोकल लेबर, सर."

*

पाइप निम्मा आत गेल्यावर दुप्पट जोर लागेल, असा कुलकर्णींचा अंदाज होता. तो तंतोतंत खरा ठरला, पण काम लांबलं आणि शिमगा आला. पालखी रस्त्यावर येऊन थबकली. खाली पोखरलेलं, वर नाचवायची कशी? मानकरी म्हणाले, बाजूच्या बागेतून वळवू. पालखीला खांदा दिलेल्या तुकारामाचा चेहरा पार उतरला.

कुलकर्णींनी टोपी काढून माझ्या हातात दिली. "माती मी तपासली आहे. पालखी सरळ न्या, तोवर मी खाली बसतो," म्हणाले आणि खड्ड्यात उतरून रांगत पाइपात शिरले. अशा माणसाच्या हाताखाली मी काम केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तुकारामाने पालखी बरोबर पाइपावर आणली. ढोल कडाडले, पालखी नाचली, तांबडी धूळ उडाली. मग ढोल थांबले आणि म्हाताऱ्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुज्या वाटंखाली ही लेकरां राबतायत, त्यांस्नी सांभाळ."

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

पाठोपाठ जमिनीखालून, मिरजेच्या हेलात, एकट्याचाच आवाज आला, "होय महाराजा."