कुंकू बंद करणारा डॉक्टर

सकाळचे दहा. लोणावळ्याची बाजारपेठ, डॉक्टर सबनीसांचा दवाखाना. पुढच्या दारी पुसून लख्ख केलेलं बाक, त्यावर एकही रोगी नाही. मागच्या दारी, विहिरीपाशी, रोग्यांची रांग!

बातमीदाराजवळ छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेल्याच जास्त साठतात. मी पुण्याच्या एका साप्ताहिकाला मावळच्या बातम्या पाठवतो. माझ्याजवळ या एका दवाखान्याच्याच इतक्या हकीकती आहेत, की संध्याकाळी चहाला एक सांगायला घेतली की दुसरी आपण होऊन पुढे सरकते.

सबनीस फक्त चामडीच्या रोगांचे डॉक्टर. पाटीवर तसं लिहिलंही होतं आणि तिथंच सगळं बिनसलं. चामडीचा डॉक्टर म्हणजे महारोगाचा डॉक्टर, अशी गावाची समजूत! मग त्याच्या बाकावर कोण बसणार? नुसतं घामोळं आलेला माणूससुद्धा मागच्या दारानं यायचा.

एकदा हेडमास्तर आणि पोस्टमास्तर विहिरीपाशी समोरासमोर आले. एकाच्या मानेवर नायटा, दुसऱ्याच्या बोटांत खरूज.

"मी आपला दूध न्यायला आलो होतो," हेडमास्तर म्हणाले.

"मीही दुधासाठीच!"

दोघांच्याही हातात भांडं नव्हतं. आणि डॉक्टरांकडे म्हैस नव्हती!

*

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सबनीसांनी चामडीच्या वॉर्डात उमेदवारी केली, तेव्हापासून त्यांचे सासरे त्यांच्यावर नाराज. "सर्जन नाही, फिजिशियन नाही, माझा जावई खरजेचा डॉक्टर!" असं ते चारचौघांत म्हणत.

एकदा लोणावळ्याला आले असताना जेवताना त्यांनी विषय काढलाच. सबनीस शांतपणे म्हणाले, "मामंजी, हृदयाच्या डॉक्टरला हृदय दिसत नाही, पोटाच्या डॉक्टरला पोटातलं दिसत नाही. मला माझ्या रोग्याचं सगळं दिसतं!"

"लोकांनाही दिसतं," सासरे भात कालवत म्हणाले, "म्हणून तर कोणी येत नाही."

मग त्यांनी अट घातली. वर्षभरात पुढच्या दारानं रोगी यायला लागले नाहीत, तर पाटी उतरवायची, मुंबईला यायचं आणि चारचौघांसारखी तापाखोकल्याची औषधं द्यायची. सबनीस कबूल झाले. पुढच्या बाकावर कोणी बसतं का, हे आम्ही सगळे मित्र त्या दिवसापासून पाहायला लागलो.

*

कुसगावचे एक आबा आले. दंडावर फिकट चट्टा. असा चट्टा बधिर असेल तर महारोगाची शंका येते, म्हणून डॉक्टर कापसाच्या बोळ्यानं तपासत.

"आबा, डोळे मिटा. कापूस लागला की सांगा. लागतंय का?"

"व्हय."

"आता?"

"व्हय."

डॉक्टरांना शंका आली. त्यांनी बोळा टेबलावर ठेवला आणि नुसतंच विचारलं, "आता लागतंय?"

"व्हय व्हय! लय ब्येस लागतंय!"

"अहो आबा, मी हातसुद्धा लावला नाही!"

आबांनी डोळे उघडले. "डाक्टर, तुमी येवढं शिकल्यालं मानूस, येवढ्या आपुलकीनं इचारताय. न्हाई कसं म्हनायचं?"

तेव्हापासून डॉक्टर 'लागतं का' असं विचारतच नाहीत. कुठं लागलं ते बोटानं दाखवा म्हणतात! आबांनी मग बरोबर जागा दाखवली. चट्टा साधा होता. आबा खुशीत निघाले, मागच्या दारानं.

*

वलवणच्या एका घरात खरूज काही केल्या जाईना. डॉक्टर गंधकाचं मलम देत आणि बजावत, "घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा." घर बरं व्हायचं आणि महिन्याभरात पुन्हा खाजवायला लागायचं. चौकशी केली तेव्हा सून म्हणाली, "आत्याबाई लावत न्हाईत. म्हनत्यात, मला काय धाड भरलीया?"

डॉक्टरांनी सासूला बोलावलं, मलमाची वेगळी डबी तिच्या हातात दिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, हे खास तुमच्यासाठी. सुनेला बोटभरसुद्धा द्यायचं नाही."

मावशींनी एका रात्रीत सगळी डबी अंगाला फासून रिकामी केली! खरूज गेली ती गेलीच.

*

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग महायुद्ध सुरू झालं, परदेशी रंग यायचे बंद झाले, आणि बाजारपेठेतल्या बायकांची कपाळं चिडायला लागली.

पहिली आली ती रेल्वेतल्या एका क्लार्कची तरुण बायको. कपाळाच्या मधोमध रुपयाएवढं लाल, ओलं, खाजणारं. सोबत सासू. डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगून टाकलं, "पंधरा दिवस कुंकू बंद."

सासू ताडकन उठली. "डॉक्टर! माझा मुलगा जिवंत आहे! तुमच्या मागल्या दारात उभा आहे!"

मुलगा धावत आत आला. आईनं त्याला दंडाला धरून डॉक्टरांसमोर उभा केला. "हा पाहा! आता सांगा कुंकू बंद!"

डॉक्टरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "प्रकृती उत्तम आहे. तरीही बंद."

*

अशी कपाळं वाढत गेली. डॉक्टर प्रत्येकीला विचारत, कुंकू कुठलं? उत्तर एकच. बापूशेठच्या छापाची पुडी.

बापूशेठचं किराण्याचं दुकान दवाखान्याला लागूनच. दवाखान्याची जागाही त्यांच्याच मालकीची! डॉक्टरांनी त्या पुडीतलं कुंकू स्वतःच्या दंडाला लावून वर पट्टी बांधली. दोन दिवसांनी सोडली तर खाली फोड. तो दंड घेऊनच ते शेठकडे गेले. मी बरोबर होतो.

"शेठ, रंगात काहीतरी वाईट आहे. विक्री थांबवा."

शेठनी दंड पाहिलासुद्धा नाही. "डॉक्टर, कुंकू पुरुषांच्या दंडाला लावायची वस्तू नाही. गावातल्या बाया सुखानं कुंकू लावतात, तुम्ही ते पुसायला सांगता. आता अशुभ कोण, कुंकू का तुम्ही?"

आठवड्याभरात 'कुंकू पुसणारा डॉक्टर' हे नाव देहूरोडपर्यंत पोचलं. मागच्या दारची रांगही गेली! वर शेठचा निरोप आला, महिनाअखेर जागा खाली करा. सासऱ्यांची मुदतही त्याच सुमाराला संपत होती.

मी संतापून बातमी लिहिली. पुडीचं नाव, दुकानाचं नाव, फोडांचं वर्णन, सगळं. संपादकांनी ती छापली नाही. ज्या जागी ती यायची होती तिथं बापूशेठच्या कुंकवाची जाहिरात आली! मी पुण्याला जाऊन जाब विचारला तर म्हणाले, "भाषा फार तिखट होती." जाहिरातीची भाषा मात्र गोड होती, हे मी त्यांना तिथल्या तिथं ऐकवलं.

*

त्या काळात डॉक्टरांच्या पत्नी मालतीबाई घरीच कुंकू करायला लागल्या. हळकुंडं, लिंबाचा रस, सवागी म्हणजे टाकणखार, बस्स. रंग जरा मंद, विटकरीकडे झुकणारा. बायका नाकं मुरडायच्या. "एवढं फिकट? लांबून दिसायचंसुद्धा नाही!"

"कपाळ तर दिसेल," मालतीबाई म्हणायच्या.

कोणी नेलं नाही. सामानाची बांधाबांध सुरू झाली. पाटी उतरवून डॉक्टरांनी भिंतीला टेकवून ठेवली.

*

आता शेवटचं. ही हकीकत आमच्या घरून कळली, कारण आमची मंडळी तिथं मालतीबाईंच्या शेजारीच बसली होती.

चैत्र. दुपारी चार. बापूशेठच्या माडीवर चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं, तसं मालतीबाईंनाही. डाळ, पन्हं, ओटीला हरभरे. शेठाणीबाई स्वभावानं अगदी भोळ्या. चांदीचा करंडा घेऊन त्या एकेकीला कुंकू लावत होत्या. लालभडक, दुकानातलं. मालतीबाईंनीही निमूट लावून घेतलं. सवाष्णीनं पुढे केलेलं कुंकू नाकारता येत नाही.

आता रिवाजाप्रमाणे उलट कुंकू लावायचं. मालतीबाईंनी समोरच्या करंड्यात बोट घातलं आणि शेठाणीबाईंच्या कपाळाकडे नेलं.

शेठाणीबाईंनी मान मागे घेतली.

"थांबा हं," म्हणाल्या, आणि कमरेची लाकडी डबी काढून त्यांनी उघडून पुढे धरली. "मला ह्यातलं लावा."

मालतीबाईंनी डबीत पाहिलं. मंद, विटकरीकडे झुकणारा रंग.

"हे कुठलं, शेठाणीबाई?"

"घरचंच. सासूबाई करून देतात. लढाई सुरू झाल्यापासून आमच्याकडे हेच. ह्यांची सक्त ताकीद आहे, दुकानातलं लावायचं नाही म्हणून."

मालतीबाईंनी डबीतलं कुंकू त्यांना लावलं. माडीवरच्या बायका पुढे वाकून डबीत पाहायला लागल्या. मग त्या रेल्वेतल्या क्लार्कच्या आईनं पदराचं टोक ओलं केलं आणि भर हळदीकुंकवात सुनेचं कपाळ स्वतःच्या हातानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांच्या पुढच्या बाकावर जागा नव्हती. क्लार्कची आई टोकाला बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "सरकून घ्या!" भिंतीला टेकवलेली पाटी तिच्याच मुलानं पुन्हा वर ठोकली. महिनाअखेर उलटली, जागेचं कोणी बोललं नाही.

मी मात्र शेठच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं उभी असताना मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "शेठ, पुडीत काय घालता?"

"या, बातमीदार!" शेठ म्हणाले. "तूरडाळ फार छान आली आहे. बांधू का?"

पुडी अजून त्याच फळीवर आहे.