सशाचा भोपळा

अख्खा भोपळा बाईमाणसाने फोडू नये, पहिली सुरी पुरुषाने लावावी, असं माझी आई मानते. म्हणून गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये, शाळेच्या हॉलमध्ये, सात वर्षांच्या लेकीच्या हातातली छोटी करवत काढून घेऊन मी तिच्या भोपळ्याला पहिली चीर पाडली. शेजारच्या टेबलावर एक आई एकटीच आपल्या मुलांचे तीन भोपळे सपासप कापत होती. तिने भुवया उंचावल्या आणि मी उगाच हसलो. माझी लाज तिथूनच सुरू झाली.

शाळेने पालकांसाठी शनिवारची दुपार ठेवली होती. भोपळे कोरायचे, वाळक्या पानांचे मुकुट चिकटवायचे, वर टॉफी ॲपल आणि नारिंगी आयसिंगचे कपकेक. आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. तिने आणि लेकीने मिळून भोपळ्याला असे काही तिरळे डोळे काढले की हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आईचं लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे गेलं. सगळे जण आतला गर चमच्याने खरवडून तिच्यात टाकत होते.

"हे टाकून देणार?"

"कंपोस्टला जाणार गं."

"अरे, अन्न आहे ते!"

अन्नावरून आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शिळी पोळी ती फोडणीला टाकते, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत घालते. तिला काही फेकताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने पर्समधून घडी घातलेली पिशवी काढली आणि "प्लीज, प्लीज" म्हणत टेबलाटेबलाशी जाऊन ती लोकांपुढे धरू लागली. लोक हसून तिच्या पिशवीत गर घालत होते. कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

कार्यक्रम सांभाळणारी एप्रनवाली बाई माझ्याजवळ आली. तिची मुलगी लेकीच्याच वर्गात आहे. "हाऊ लव्हली! एवढ्याचं काय करणार त्या?" तिने विचारलं, आणि त्यात खोचकपणा मुळीच नव्हता. घारगे करणार, गोड पुऱ्या, एवढंच सांगायचं होतं.

"इट्स फॉर अवर रॅबिट," मी म्हणालो.

आमच्याकडे ससा नाही. आई चार पावलांवर उभी होती. तिला इंग्रजी बेताचंच कळतं हे मी तोंड उघडण्याआधी मनात पक्कं केलं होतं. आज सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

घरी आल्यावर आईने अर्धा गर फ्रीजरमध्ये ठेवला, दिवाळीला पुन्हा करू म्हणून. उरलेला गुळात शिजवला. "पाणचट आहे रे तुमचा भोपळा," असं म्हणत तिने त्यात कणीक वाढवली, वेलची घातली, खसखस लावून घारगे तळले. सोमवारी सकाळी माझ्या हातात स्टीलचा डबा आला. आत बारा घारगे.

"त्या एप्रनवाल्या बाईंना दे. भोपळा त्यांचाच ना."

शाळेच्या फाटकाशी ती बाई उभी होती. तिने हात हलवला. आता तिला काय सांगणार, की सशाचं खाणं तळून आणलंय? मी डबा जॅकेटखाली धरून गाडीत जाऊन बसलो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार खाल्ले, जेवणाच्या सुट्टीत तिथेच चार, आणि घरी निघण्याआधी उरलेले चार. फार सुरेख झाले होते. तेलकट बोटं पुसताना मला स्वतःचीच किळस आली.

"आवडले का त्यांना?" आईने डबा घेत विचारलं.

"खूप."

तिने झाकण उघडलं. "रिकामाच दिला?" मग स्वतःच समजूत घातली, "असेल बाबा, इथली रीत वेगळी."

डबा रिकामा परत करू नये, एवढं मला कळायला हवं होतं. मी तोंडघशी पडायच्या बेतात होतो, म्हणून थाप मारली की त्या उद्या काहीतरी देणार आहेत. मंगळवारी डबा पुन्हा नेला, सुपरमार्केटमधून शॉर्टब्रेडची बिस्किटं घेतली, पाकीट फाडून डब्यात भरली. आई हरखली. व्हिडिओ कॉलवर मावशीला तिने ती बिस्किटं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. "बघ, घरी करून पाठवलीत. माणसं सगळीकडे सारखीच गं." मी शेजारी बसून मान डोलावली.

रविवारी नाश्त्याला लेकीने विचारलं, "आजी, आपली ससा कुठे आहे?"

"कुठला ससा गं?"

"माझी फ्रेंड विचारते. तिची मम्मी बोलली, डॅडीनी सांगितलं आपल्याकडे रॅबिट आहे. आणि तू त्याच्यासाठी पम्पकिन घेतला."

माझ्या भ्रमाचा भोपळा तिथे फुटला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं.

"मग घारगे कोणी खाल्ले?"

"मी."

"बाराही?"

"हो."

"आणि ती बिस्किटं?"

आई थोडा वेळ टेबलावरचे चहाचे डाग पुसत राहिली. मग ती लेकीकडे वळून हसली. "आहे हं बाळा, ससा आहे आपल्याकडे. फार भित्रा आहे, म्हणून लपतो." लेक खूश होऊन सोफ्याखाली शोधायला पळाली.

मी "आई, अगं" असं म्हणेपर्यंत ती उठली होती. तिने फ्रीजरमधून गराची पिशवी काढली, कौन्सिलने दिलेल्या ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि ती गोठलेली पिशवी तशीच्या तशी आत टाकली.