नानांची कवळी

नाना गेल्याचा फोन शेजारच्या अक्कांनी धुळ्याहून केला, तेव्हा मी जळगावात, डाळमिलच्या ऑफिसात होतो. "झोपेतच गेले रे भाऊ," एवढंच म्हणाल्या. त्याला महिना झाला. वडिलांविषयी लोक चांगलंचुंगलं लिहितात... मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या हिरड्यांना कवळीखाली फोड आले. जेवणानंतर मऊ ब्रशने घासा, रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, असं दाताच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दोन दिवसांपुरता गेलेला. घासत कोण बसतो? लेकीच्या दुधाच्या बाटल्या उकळायचो, तशीच कवळी चहाच्या पातेल्यात टाकून चांगली दहा मिनिटं उकळली. नानांनी ती तोंडात बसवली, जबडा इकडेतिकडे हलवून पाहिला.

"बसली का नीट?"

"बठ्ठं ठीक शे."

परतताना एसटीत, पारोळ्याच्या आसपास, मोबाइलवर वाचलं की उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते. फोन हातातच होता. केला नाही.

पुढे प्रत्येक खेपेला दिसत राहिलं. भाकरी दुधात कुस्करून खायचे. बोलताना तोंडावर हात. "काय हो नाना, नव्या नवरीसारखं तोंड झाकता?" अक्का छेडायच्या. "तुमले देखीसन लाज वाटस," असं म्हणून नाना हसायचे, तेही हाताआडून. हिवाळ्यात भावकीची शेतात भरीत-पुरी असायची, तिथे जाणं त्यांनी सोडलं. "पोट बरं नाही, तुम्ही जा." आम्ही जायचो. मी दोनदा वाढून घ्यायचो.

गेल्या आठवड्यात त्या डॉक्टरांना तरी खरं सांगावं म्हणून गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलू लागले. "हिरड्यांना फोड आले होते ना, त्यानंतर लगेच नाना परत आले होते. कवळी पाहूनच कळलं मला. कोणी उकळली विचारलं, तर म्हणाले, मीच, म्हातारपणाची अक्कल! नवी करू म्हटलं, तर ऐकेनात. नवी केली तर पोराच्या लक्षात येईल म्हणे... तुमच्या काय लक्षात यायचं होतं हो?"

"काय माहीत," म्हणालो आणि उठलो.

नानांच्या घराचं कुलूप काढलं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने म्हटलं, "नाना, कवळी मी उकळली."